ड्राफ्टच्या दिवशी पिक ठेवायचा की विकायचा? कॅपचा हिशोब धरून तुलना

टोरंटो, मिसिसागा, कॅलगरी साइडला आपल्यापैकी ज्यांच्या ऑफिसात कीपर पूल आहे (खऱ्या हॉकीपटूंची कागदावरची टीम, जिचे खेळाडू पुढच्या वर्षीही ठेवता येतात), आणि तोही खऱ्या एनएचएलसारखी (अमेरिका-कॅनडाची आइस हॉकी लीग) सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराला मर्यादा असलेला, त्यांना जून संपता संपता हा प्रश्न पडतोच. समोरचा मेसेज टाकतो, तुझा पहिल्या राउंडचा पिक (ड्राफ्टमध्ये नवा पोरगा निवडायची पाळी) दे, मी तयार विंगर देतो, किंवा उलट, तुझा स्टार दे आणि माझे दोन पिक घे. मग हो म्हणायचं की नाही? मी इथे खऱ्या जीएम (टीमचे मॅनेजर) लोकांनी ड्राफ्टच्या आसपास केलेले सौदे शेजारीशेजारी ठेवतोय, कारण पूलमध्ये आपण करतो त्या सगळ्या चुका त्यांनी खऱ्या पैशांनी आधीच करून ठेवल्यात.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, नाहीतर पुढचं सगळं उलटं दिसेल. एनएचएलची कॅप हार्ड आहे, म्हणजे जास्तीचा टॅक्स भरून वर जायची सोयच नाही. २००४-०५चा अख्खा सीझन लॉकआउटमध्ये (मालक-खेळाडू वादात खेळच बंद) गेला आणि त्यानंतर कॅप आली, पहिल्या वर्षी ३.९ कोटी डॉलर, २०२५-२६ला ९.५५ कोटी. आयपीएलमध्ये पर्स असते पण मेगा ऑक्शनला जवळपास सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, इथे तसं नाही, लांबचं कॉन्ट्रॅक्ट दिलं की तितकी वर्षं तो आकडा तुमच्या डोक्यावर. आणि ड्राफ्ट झालेल्या १८-१९ वर्षांच्या पोराचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं, त्याच्या मूळ पगाराला वरची मर्यादा, ती दहा लाख डॉलरच्या आसपास (बोनस वेगळे). म्हणून पिकची किंमत नुसत्या टॅलेंटमध्ये नसते, त्या तीन स्वस्त वर्षांमध्ये असते. माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे.

आता सगळ्यात बोलकी जोडी. २२ जून २०१९, व्हँकुव्हरमध्ये ड्राफ्टचा दुसरा दिवस, त्या एकाच दिवशी दोन टीम कॅपमुळे खेळाडू सोडतात. टोरंटोला पॅट्रिक मार्लोचं ६२.५ लाखांचं कॉन्ट्रॅक्ट उतरवायचं होतं, वय ३९, कारण मिच मार्नरला पैसे द्यायचे होते. त्यांनी मार्लो दिला आणि त्याला घ्या म्हणून वर २०२०चा पहिल्या राउंडचा पिक आणि सातव्या राउंडचा पिक कॅरोलायनाला दिला, बदल्यात काय तर सहाव्या राउंडचा एक पिक. कॅरोलायनाने मार्लोला बायआउट केलं (पैसे देऊन करार मोडला), ३५नंतर सही केलेल्या कॉन्ट्रॅक्टचा बायआउट केला तरी कॅपवरचा आकडा हलत नाही, तो त्यांनी एक वर्ष गपचूप सोसला, आणि त्या पिकवर १३ नंबरला सेथ जार्व्हिस घेतला. २०२३-२४ला, पहिल्याच स्वस्त कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या वर्षी, त्याने ३३ गोल मारले.

त्याच दिवशी टॅम्पानेही कॅपसाठीच जे. टी. मिलरला व्हँकुव्हरला पाठवलं, वर्षाला ५२.५ लाखांचं कॉन्ट्रॅक्ट. पण मिलर २६ वर्षांचा, चांगला खेळणारा, कॉन्ट्रॅक्टची चार वर्षं शिल्लक, त्यामुळे पिक द्यायच्या ऐवजी टॅम्पालाच पहिल्या राउंडचा पिक मिळाला. तो पिक त्यांनी सात-आठ महिन्यांनी नोलन फूटबरोबर न्यू जर्सीला देऊन ब्लेक कोलमन आणला, कॅपवर फक्त १८ लाख, आणि २०२० आणि २०२१ असे दोन स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) लागोपाठ जिंकले. मिलर पुढे व्हँकुव्हरकडून एका सीझनला ९९ आणि एकदा १०३ पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) करून गेला, म्हणजे टॅम्पाने फुकट काही मिळवलं नाही, मोठा खेळाडू गमावलाच. पण जागा पाहिजे होती ती मिळाली आणि हातात चलनही आलं.

या दोन सौद्यांमधला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. अडचण आली तेव्हा टोरंटोने नकोसा खेळाडू विकायला काढला आणि टॅम्पाने हवासा. मनाला टोरंटोचं बरं वाटतं, स्टार राहतात, म्हातारा जातो. पण पहिला पिक गेला म्हणजे ज्या वर्षांत तुमचे चार जण अर्धी कॅप खाणार आहेत (मॅथ्यूज १.१६ कोटी, टवारेस १.१ कोटी, मार्नर जवळपास १.०९ कोटी, नीलँडर जवळपास ७० लाख, आणि कॅप ८.१५ कोटी), नेमक्या त्याच वर्षांत दहा लाखांत खेळणारा चांगला पोरगा तुमच्याकडे नाही. वर कोविडमुळे कॅप गोठली ते वेगळंच, ते कोणालाच आधी कळलं नसतं. म्हणून पूलमध्ये कोणी सांगितलं की पिक जोडून दे आणि तुझं नकोसं कॉन्ट्रॅक्ट मी घेतो, तर माझं उत्तर जवळजवळ नेहमी नाही. त्यापेक्षा दुसऱ्या फळीतला विकला जाणारा खेळाडू काढा, किंवा एक सीझन मुकाट सोसा.

पिक देऊन तयार खेळाडू घेणं, इथे मात्र सरसकट काही सांगता येत नाही. २०२१च्या ड्राफ्टमध्ये दोन दिवसांत दोन सौदे झाले. २३ जुलैला व्हँकुव्हरने ९ नंबरचा पिक, वर दुसऱ्या राउंडचा पिक आणि तीन महागडी कॉन्ट्रॅक्टं अॅरिझोनाला दिली आणि ऑलिव्हर एकमन-लार्सन आणि कॉनर गार्लंड घेतले. ती तीनही कॉन्ट्रॅक्टं एका वर्षात आपोआप संपणार होती! एक वर्ष थांबायचं होतं फक्त. त्याऐवजी ३० वर्षांच्या डिफेन्समनची सहा वर्षं गळ्यात घेतली, मूळ आकडा ८२.५ लाख, त्यातले १२ टक्के अॅरिझोनाने स्वतःकडे ठेवले. दोन वर्षांत बायआउट करायची वेळ आली आणि त्या बायआउटचा बोजा २०३०-३१पर्यंत त्यांच्या कॅपवर आहे, दोन सीझनला तर ४७ लाखांच्या वर. बायआउटमध्ये उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षं आकडा पसरतो, हे पूलमध्ये बरेच जण विसरतात. ९ नंबरला अॅरिझोनाने डिलन गंथर घेतला, जो आता युटाचा (तीच टीम पुढे तिकडे हलली) मेन शूटर आहे. गार्लंड चांगला निघाला हे खरं, पण तेवढ्याने हिशोब जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, फ्लोरिडाने २०२२चा पहिल्या राउंडचा पिक आणि गोली (गोलकीपर) डेव्हन लेव्ही बफेलोला देऊन सॅम राइनहार्ट घेतला. वय २५, कॉन्ट्रॅक्ट संपलेलं पण हक्क टीमकडे, म्हणजे आकडा फ्लोरिडाने स्वतः ठरवायचा, तो तीन वर्षं ६५ लाखांवर ठरला. तिसऱ्या वर्षी त्याने ५७ गोल मारले आणि फ्लोरिडाने २०२४चा कप जिंकला, मग २०२५चाही. बफेलोला पिक मिळाला तो २८वा, कारण फ्लोरिडा त्या सीझनला लीगमध्ये टॉपवर होती. हेही लक्षात घ्या, स्वतःची टीम चांगली असेल तर तुमचा पिक आपोआप उशिराचा होतो, देताना कमी दुखतं. (गंमत म्हणजे २०१५च्या ड्राफ्टच्या दिवशी एडमंटनने १६ आणि ३३ नंबरचे पिक देऊन घेतलेला ग्रिफिन राइनहार्ट हा या सॅमचाच मोठा भाऊ. तो तिथे टिकलाच नाही, आणि १६ नंबरला आयलंडर्सनी मॅथ्यू बार्झल घेतला.)

मग व्हँकुव्हर आणि फ्लोरिडात फरक कशाचा? वय आणि कॉन्ट्रॅक्टची दोरी कोणाच्या हातात, एवढाच. पंचविशीतला, ज्याचा पुढचा आकडा तुम्ही ठरवणार, तो घ्या. तिशीतला, ज्याचा आकडा दुसऱ्याने कधीच ठरवून टाकलाय, त्यासाठी टॉप-टेन पिक कधीच देऊ नका.

आता तिसरी बाजू, स्टार विकून पिक गोळा करणं. पूलमध्ये हे करणाऱ्याला लोक फार हुशार समजतात. शिकागोने ७ जुलै २०२२ला माँट्रियलमध्ये हेच केलं, अॅलेक्स डब्रिंकॅट ओटावाला देऊन ७ आणि ३९ नंबरचे पिक आणि पुढचा एक तिसऱ्या राउंडचा पिक, कर्बी डाक माँट्रियलला देऊन १३ आणि ६६, आणि टोरंटोचा गोली पेट्र म्राझेक ३८ लाखांच्या कॉन्ट्रॅक्टसकट घेऊन २५ नंबर, बदल्यात फक्त ३८ नंबर दिला. शेवटचा सौदा त्या दिवसातला सगळ्यात शहाणा, कारण टीम तोडायचीच होती तर रिकामी कॅप विकून पिक घेतला, खेळाडू एकही गेला नाही, आणि त्या २५ नंबरवर सॅम रिन्झेल आला. १३ नंबरचा फ्रँक नझारही मस्त. पण डब्रिंकॅटचं बघा, २४ वर्षांचा, नुकताच ४१ गोल मारलेला, आणि त्याच्या बदल्यातला मुख्य माणूस केव्हिन कोर्चिन्स्की २०२४-२५चा बहुतेक सीझन मायनर लीगमध्ये होता. २०२५पर्यंत शिकागो प्लेऑफला गेली नाही. मला वाटतं २४ वर्षांचा ४० गोलवाला हा रीबिल्डमध्ये (टीम नव्याने बांधताना) विकायचा माल नाहीच, कारण तुमची टीम तयार होईल तेव्हाही तो तिशीच्या आतच असणार.

ओटावाचीही बाजू आहे. त्यांनी एक वर्ष शिल्लक असलेला खेळाडू घेतला, पुढच्या वर्षी त्याचे हक्क राखायला ९० लाखांची ऑफर द्यावी लागणार हे माहीत असूनही त्याच्याकडून लांबचा करार आधी घेतला नाही. वर्षभरात त्याला डिट्रॉइटला बऱ्याच कमी भावात द्यावं लागलं.

आणि पिक म्हणजे लॉटरी हे विसरायला होतं म्हणून बॉस्टन २०१५. डगी हॅमिल्टन आणि मिलान लूचिच विकून, स्वतःचा १४वा धरून, त्यांच्याकडे १३, १४, १५ असे सलग तीन पिक झाले. घेतले झ्बोरिल, डब्रस्क आणि सेनिशिन. त्यानंतरचे तीन होते बार्झल, काइल कॉनर, थॉमस शाबो. एकटा डब्रस्क नीट चालला. नुसते पिक असून भागत नाही, ओळखणारा डोळा पाहिजे, आणि पूलमध्ये आपण पोरांचे ज्युनियर लीगचे सामने बघत नाही हे मान्य करून पिकची किंमत दोन पायऱ्या कमीच धरावी.

शिकागोचंच २०१० उलट टोकाला. कप जिंकल्यावर दोन आठवड्यांत, ड्राफ्टच्या आदल्या दिवशी, कॅपसाठी बफलिन आणि आणखी तिघे अटलांटाला, मग व्हर्स्टीग आणि लॅडही गेले. मिळालेल्या पिकवर घेतलेला केव्हिन हेज शिकागोकडून एकही मॅच खेळला नाही. तरी २०१३ आणि २०१५चे कप आले, कारण टेव्ज, केन, कीथ, सीब्रूक, होसा हे हलवले नाहीत. कॅप टीममध्ये सौद्यात काय मिळालं यापेक्षा काय ठेवलं हे जास्त बघा.

आत्ता ठरवणाऱ्यासाठी अजून एक, कॅप आता झपाट्याने वाढतेय, २०२४-२५ला ८.८ कोटी, मग ९.५५, आणि २०२६-२७साठी १०.४ कोटी. त्यामुळे डॉलर बघू नका, टक्के बघा. राइनहार्टचं नवीन ८६.२५ लाखांचं कॉन्ट्रॅक्ट ८.८ कोटीत ९.८ टक्के होतं, १०.४ कोटीत ते ८.३ होतं, खेळाडू तोच. म्हणजे कॅप वाढायच्या आधी सही केलेला २४ ते २७ वयाचा खेळाडू जवळजवळ पिकइतकाच स्वस्त पडतो आणि त्याच्यात लॉटरी नाही. असा कोणी समोर आला आणि तुमची टीम पहिल्या तीन-चारात असेल तर पिक द्या, बिनधास्त. टीम तळाला असेल तर स्वतःचा पिक अजिबात हलवू नका, उलट दुसऱ्याचं एका वर्षात संपणारं ओझं घेऊन त्याच्याकडून पिक मागा, पण आता सगळ्यांकडे जागा आहे म्हणून २०१९सारखा भाव मिळेल ही आशा नको. मधल्या नंबरवाल्यांनी, माझ्या मते, ड्राफ्टच्या दिवशी काहीच केलं नाही तरी चालतं.

द्यायचाच ठरला तर प्रोटेक्शन लावा, मार्लोच्या सौद्यातही टोरंटोने टॉप-टेन प्रोटेक्शन ठेवलं होतं, पिक पहिल्या दहात आला असता तर तो पुढच्या वर्षावर गेला असता. आणि तुमच्या पूलच्या नियमात पगार राखायची (दिलेल्या खेळाडूच्या पगाराचा काही भाग देणाऱ्याच्या कॅपवर ठेवायची) सोय असेल तर समोरच्याला अर्ध्यापर्यंत राखायला सांगून बघा, एनएचएलमध्येही मर्यादा ५० टक्केच आहे आणि एका टीमला एका वेळी अशी तीनच कॉन्ट्रॅक्टं ठेवता येतात, म्हणून ज्याच्याकडे ती जागा रिकामी आहे त्याच्याशी आधी बोला.