कामगार भरपाईची पॉलिसी: एका नोंदणीकृत ठेकेदाराने केलेले परीक्षण

सार्वजनिक बांधकाम विभागाकडे नोंदणी असलेला ठेकेदार म्हणून मी नाशिक परिसरात खासगी इमारतींची आणि अधूनमधून सरकारी इमारतींची कामे घेतो. खासगी कामांसाठी २०२३ साली एका सर्वसाधारण विमा कंपनीकडून कामगार भरपाईची पॉलिसी घेतली. त्यानंतर दोनदा तिचे नूतनीकरण केले आणि मधल्या काळात एक दावाही दाखल केला. कंपनीचे नाव येथे देत नाही. इतर कंपन्यांच्या ज्या प्रती मी नंतर वाचल्या, त्यांची रचनाही बहुतांशी अशीच होती, त्यामुळे हे परीक्षण कंपनीपेक्षा या प्रकारच्या पॉलिसीचे आहे.

बाजारात हिला अजूनही ‘डब्ल्यूसी पॉलिसी’, म्हणजे ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन’ पॉलिसी म्हणतात. कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी ज्या कायद्याने येते, त्या १९२३ च्या मूळ कायद्याच्या नावातील ‘वर्कमेन’ हा शब्द २०१० मध्ये जाऊन त्याजागी ‘एम्प्लॉयी’ आला, तरी एजंटच्या तोंडी जुनेच नाव राहिले आहे. आमच्या व्यवसायात ही पॉलिसी बहुतेक जण निविदेची अट म्हणून घेतात. राज्य शासनाच्या कामांत तर कंपनी निवडण्याची मुभाही नसते. विमा शासकीय विमा निधीतूनच, म्हणजे राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच उतरवावा लागतो आणि तो न उतरवल्यास हप्त्याची रक्कम थेट देयकातून कापली जाते. खासगी कामात जमीनमालक किंवा विकासक पॉलिसीची प्रत मागतात, आणि ते त्यांच्या हिताचेच आहे, कारण ठेकेदाराचा माणूस जखमी झाला तर कायदा काम देणाऱ्या मूळ मालकालाही भरपाईसाठी जबाबदार धरतो, मग त्याने ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करावी. ही मागणी पूर्ण झाली की पॉलिसी फाइलमध्ये जाते आणि कोणी ती वाचत नाही. मीही पहिल्या वर्षी वाचली नव्हती.

ही पॉलिसी कशासाठी असते, हे आकड्यांनीच समजते. कामावरील अपघातात मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८ असल्याने ७,५०० गुणिले २०७.९८ म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात आणि तोच आकडा १८,७१,८२० वर जातो. लहान ठेकेदाराच्या दोन-तीन कामांचा नफा एका अपघातात संपवणारी ही रक्कम आहे. अपघात विमा म्हणून वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना कामगाराच्या खात्यावर उतरवून निश्चिंत झालेले ठेकेदार मी पाहिले आहेत. ती योजना कामगारासाठी चांगलीच आहे, पण तिचे दोन लाख मिळाल्याने ठेकेदाराच्या दायित्वातला एक रुपयाही कमी होत नाही. उलट ज्याची वर्गणी राज्य कामगार विमा योजनेत नियमित भरली जाते, त्याला त्याच इजेसाठी या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही, म्हणून आपले कोणते कामगार कोणत्या छत्राखाली येतात हे हप्ता भरण्याआधी तपासावे.

आता दाव्याविषयी. २०२४ मध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सेंटरिंगचे, म्हणजे स्लॅबसाठी साचा बांधण्याचे काम चालू असताना परांचीवरून एक कामगार खाली आला आणि त्याच्या टाचेचे हाड मोडले. तो माझ्या मस्टरवर नव्हता. सेंटरिंग मी एका मुकादमाला उक्ते दिले होते आणि माणूस त्याचा होता. या पॉलिसीचे पहिले खरे मूल्य तेव्हा कळले. मूळ पॉलिसी फक्त ठेकेदाराच्या थेट कामगारांना लागू असते. पोटठेकेदाराची माणसे तिच्यात हवी असतील तर वेगळे विस्तार-कलम घ्यावे लागते. ते आमच्या पॉलिसीत होते, पण त्याचे श्रेय मला नाही. विकासकाच्या वास्तुविशारदांनी करारात तशी अट घातली होती. फरशी, प्लंबिंग, रंगकाम असे जवळपास सगळेच उक्ते देणाऱ्या आमच्या व्यवसायात हे कलम नसलेली पॉलिसी म्हणजे निम्म्या साइटची पॉलिसी होय.

दुसरी गोष्ट मात्र अंगाशी आली. एजंटच्या सल्ल्याने आम्ही कुशल कामगाराचे मासिक वेतन १२,००० रुपये दाखवले होते, कारण हप्ता घोषित वेतनावर ठरतो. प्रत्यक्षात त्या माणसाची महिन्याची मजुरी १५,००० च्या वर जात होती. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला वेतनाच्या पंचवीस टक्के रक्कम द्यावी लागते, म्हणजे कायद्याने त्याला ३,७५० रुपये देणे लागत होते. कंपनीने घोषित वेतनानुसार ३,००० रुपये मंजूर केले आणि उरलेले ७५० रुपये दर पंधरवड्याला मी भरले. सहा पंधरवड्यांचा हा फरक ४,५०० रुपयांचा, म्हणून फारसा बोचला नाही. पण हाच अपघात जिवावर बेतला असता, तर त्याच प्रमाणात तीन लाखांहून अधिक रक्कम माझ्या अंगावर पडली असती. घोषित केलेल्या संख्येपेक्षा साइटवर जास्त माणसे आढळली, तरी अनामिक पॉलिसीत, म्हणजे जिच्यात कामगारांची नावे न देता फक्त संख्या दिलेली असते तिच्यात, भरपाईला अशीच कात्री लागते.

सर्वांत मोठी त्रुटी वैद्यकीय खर्चाची आहे आणि तिच्याबद्दल मी या पॉलिसीला माफ करू शकत नाही. २००९ च्या दुरुस्तीनंतर कामावर झालेल्या इजेचा प्रत्यक्ष उपचार खर्च मालकाने, म्हणजे कामगाराला कामावर ठेवणाऱ्याने, द्यायचा आहे आणि कायद्यात त्याला वरची मर्यादा नाही. मूळ पॉलिसी हा खर्च देत नाही. जादा हप्ता भरून जे कलम घेतले होते, त्यात एका कामगारामागे ५०,००० रुपयांची मर्यादा होती. शस्त्रक्रिया, हाडात बसवलेली धातूची पट्टी, स्क्रू आणि आठ दिवसांचा मुक्काम मिळून रुग्णालयाचे बिल १,३८,००० रुपये झाले. ८८,००० रुपये मी दिले. कायद्याचे दायित्व अमर्याद असताना त्याच दायित्वाची म्हणून विकली जाणारी पॉलिसी ५०,००० ला थांबते, हे पहिल्या पानावर ठळक छापायला हवे होते. ते सोळाव्या पानावर होते.

दाव्याची हाताळणी ठीक म्हणावी लागेल. कंपनीतर्फे दाव्याची पाहणी करणारा सर्वेक्षक चौथ्या दिवशी आला आणि त्याने हजेरीपट, पगारपत्रक, मुकादमाशी केलेला लेखी करार आणि रुग्णालयाची कागदपत्रे मागितली. हजेरीपटावर त्या दिवशीची सही होती म्हणून बरे. ‘उचल’ आणि ‘खाडा’ वहीत लिहून आठवड्याला हिशेब करण्याची आपली जुनी पद्धत सर्वेक्षकासमोर टिकत नाही. पैसे मिळायला अकरा आठवडे लागले. कायद्याने मालकावर मात्र देणे झाल्यापासून एका महिन्याची मुदत आहे. ती चुकली तर १२ टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. बहुतेक पॉलिसींप्रमाणे आमच्या पॉलिसीतही व्याज आणि दंड दोन्ही वगळलेले होते. म्हणून कंपनीची वाट न पाहता मी कामगाराला आधी पैसे दिले आणि नंतर कंपनीकडून वसूल केले. ज्यांच्याकडे खेळते भांडवल कमी आहे, त्यांना हे जमणार नाही.

येथे एक गोष्ट विषय सोडून सांगतो. मृत्यूच्या प्रसंगी घरच्यांना रोख रक्कम देऊन स्टँपपेपरवर ‘आता काही मागणे नाही’ असे लिहून घेण्याची जी रीत आहे, ती निरुपयोगी आहे. मृत्यूची भरपाई कामगार भरपाईचे दावे पाहणाऱ्या सरकारी आयुक्तांकडेच भरावी लागते आणि हक्क सोडल्याचा असा करार कायद्यापुढे शून्य ठरतो. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम वगळता दिलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत.

पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास तीन देईन. पोटठेकेदाराच्या माणसांचे संरक्षण आणि सर्वेक्षकाचा नीटनेटकेपणा यासाठी ते तीन, आणि वैद्यकीय मर्यादा व एजंटचा वेतन कमी दाखवण्याचा सल्ला यामुळे दोन कमी. गेल्या नूतनीकरणाला मी वेतन खरे घोषित केले आणि उपचाराची मर्यादा दोन लाखांवर नेली. हप्ता वाढला, तरी तो एका स्लॅबच्या काँक्रीटच्या खर्चाच्या आसपासही जात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. घरून कामावर येताना किंवा परतताना झालेला अपघात कामाशी संबंध सिद्ध झाल्यास आता भरपाईला पात्र ठरतो. आमची माणसे टेम्पोच्या हौद्यात बसून साइटवर येतात. पॉलिसीच्या जुन्या मजकुरात अजून १९२३ चाच उल्लेख असल्याने या प्रवासातील अपघात तिच्यात धरले आहेत का, हे मी कंपनीला पत्राने विचारले आहे, आणि लेखी उत्तर येईपर्यंत पुढचा हप्ता भरलेला नाही. चालू पॉलिसीची मुदत संपायला अजून सहा आठवडे आहेत.