लांबच्या प्रवासात मुलांसाठी : डीव्हीडी प्लेअर की टॅबलेट?

गणपतीत किंवा मे महिन्याच्या सुटीत मुंबई-पुण्याहून गाडीने कोकणात निघालेल्या कुटुंबापुढे मागच्या सीटवरच्या मुलांना इतके तास कसे रमवायचे, हा प्रश्न उभा राहतोच. टॅबलेट हे त्याचे आज सहज सुचणारे उत्तर. तरीही पोर्टेबल डीव्हीडी प्लेअर बाजारातून पूर्णपणे गेलेला नाही आणि तो घ्यावा की नाही, याबद्दल अनेक पालक अजून साशंक असतात. माझे मत आधीच सांगतो : घरात डिस्कचा साठा नसेल तर प्लेअरच्या वाटेला जाऊ नये, साठा असेल आणि मुले साधारण तीन ते आठ वर्षांची असतील, तर मात्र तो विचार करण्याजोगा आहे.

साठ्याचा मुद्दा सर्वांत आधी घेण्याचे कारण असे की, नव्या डिस्क मिळणे आता अवघड झाले आहे. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली, तेव्हा मराठी घरांतही चित्रपट, नाटके आणि बालगीतांच्या डिस्कचे ढीग जमले. ते ढीग अनेकांच्या कपाटात अजून आहेत. त्यांतील व्हीसीडींबाबत मात्र फार अपेक्षा ठेवू नये, कारण एका व्हीसीडीत साधारण सव्वा तासाचेच चित्रण मावते, त्यामुळे एका चित्रपटाला दोन-तीन डिस्क लागतात आणि चित्रही बरेच धूसर असते. डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते; टॅबलेटच्या तुलनेत ते कमीच, पण नऊ-दहा इंची पडद्यावर मुलांची त्याबद्दल तक्रार नसते.

टॅबलेटची खरी परीक्षा नेटवर्क गेल्यावर होते. कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि त्यांतील रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. रस्त्याने जाताना घाटाघाटांतही मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. अशा मार्गावर थेट नेटवरून चित्रपट पाहण्याचा बेत म्हणजे मुलांची रडारड ओढवून घेणे. घरून डाउनलोड करून निघालात तर ही अडचण टळते, पण डाउनलोडलाही मुदत असते, आणि काही सेवांवर तर एखादा चित्रपट पाहायला सुरुवात केली की ४८ तासांत तो संपवावा लागतो. त्यामुळे जाताना अर्धवट राहिलेला चित्रपट परतीच्या वाटेवर उघडेल, असे गृहीत धरू नये. निघण्याच्या आदल्या रात्री टॅबलेट विमान मोडवर टाकून प्रत्येक डाउनलोड मिनिटभर चालवून पाहणे, हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय. डिस्कला ना मुदत असते, ना पासवर्ड.

डिस्कचा दोष वेगळा आहे. प्लेअरमधील लेझरचे भिंग फिरत्या डिस्कच्या अगदी जवळून तिच्यावरील सूक्ष्म खुणा वाचत असते आणि गाडीला हिसका बसला की त्याचा माग सुटतो. प्लेअर थोडे चित्रण आधीच स्मृतीत साठवून ठेवतो, म्हणून एखादा गतिरोधक निभावून जातो. पण अर्धवट काँक्रीट झालेल्या रस्त्यावर लागोपाठ खड्डे आले की तो साठा संपतो, चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज अडखळतो आणि मग सारे गोठते. प्लेअर मांडीवर ठेवण्याऐवजी पुढच्या सीटच्या डोकेटेकीला पट्ट्याने घट्ट बांधावा, असा सल्ला दिला जातो. त्याने पडदा स्थिर राहतो, हिसके मात्र बसायचे तेवढे बसतातच. चरे पडलेल्या डिस्कचे तर प्रवासात हमखास बिनसते. याहून त्रासदायक बाब म्हणजे चहाला गाडी थांबवून प्लेअर बंद केला, की काही मॉडेल्स चित्रपट कुठे थांबला होता ते विसरतात. पुन्हा सुरू केल्यावर कॉपीराइटच्या सूचना पहिल्यापासून, आणि त्या पुढेही ढकलता येत नाहीत. टॅबलेटमध्ये फिरणारा एकही भाग नसल्याने या बाबतीत तुलनाच संभवत नाही.

विजेच्या बाबतीतही टॅबलेटच वरचढ ठरतो. प्लेअरची बॅटरी नवी असताना बहुधा दोन ते चार तास चालते, म्हणजे एक-दोन चित्रपट. गाडीत १२ व्होल्टच्या सॉकेटवर तो चालवता येतो, पण त्यासाठी त्याची स्वतःची गोल पिनची वायर लागते आणि ती घरी राहिली तर वाटेतल्या मोबाइलच्या दुकानात मिळण्याची शक्यता कमीच. टॅबलेटला फोनचीच वायर आणि पॉवर बँक पुरते. रेल्वेच्या डब्यातील सॉकेट बरेचदा ११० व्होल्टचे असतात, म्हणून प्लेअरच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे का, ते पाहून घ्यावे.

इतके असूनही प्लेअर एका ठिकाणी उजवा ठरतो, आणि लहान मुलांच्या पालकांच्या दृष्टीने ते ठिकाण महत्त्वाचे आहे. डिस्क संपली की पडदा थांबतो. पुढचा भाग आपोआप सुरू होत नाही, मध्येच जाहिरात येत नाही आणि सहा वर्षांच्या मुलाचे बोट भलत्याच व्हिडिओवर पडत नाही. शिवाय बऱ्याच प्लेअरना हेडफोनसाठी दोन छिद्रे असतात, त्यामुळे भावंडे भांडण न करता एकत्र पाहू शकतात. अनेक नव्या टॅबलेटना आता एकही छिद्र नसते. एव्ही वायरने प्लेअर गावच्या घरातील जुन्या टीव्हीलाही जोडता येतो, आणि आजी-आजोबांसाठी एखादे नाटक लावायचे असेल तर ही सोय फार उपयोगी पडते. गाडी लागणाऱ्या मुलाला मात्र घाटात यांपैकी कोणताच पडदा देऊ नये.

परदेशी राहणाऱ्या कुटुंबांना आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये डीव्हीडी वाचनासाठीच्या पुस्तकांप्रमाणेच घरी नेऊ देतात, त्यामुळे तिथे साठ्याचा प्रश्न बराच सुटतो. पण डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालावी, यासाठी तिच्यावर प्रदेशाचा क्रमांक घातलेला असतो; तिथल्या डिस्क प्रदेश १च्या असतात आणि भारत प्रदेश ५मध्ये येतो. तिथली डिस्क भारतातून नेलेल्या प्लेअरवर चालेलच असे नाही, म्हणून सर्व प्रदेशांच्या डिस्क चालवणारे मॉडेलच घ्यावे.

ज्यांना दोन्हींतले बरे ते हवे आहे, त्यांनी पेन ड्राइव्ह चालणारा प्लेअर पाहावा, कारण त्यामुळे हिसक्यांचा त्रास उरत नाही. त्यातही अडचणी आहेत : असे प्लेअर बहुधा जुन्याच प्रकारच्या फाइली वाचतात आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही. तेव्हा दुकानात जाताना घरची एक चरे पडलेली डिस्क आणि मुलांच्या आवडीच्या फाइली भरलेला पेन ड्राइव्ह सोबत न्यावा, दोन्ही तिथेच लावून पाहावेत, मध्येच प्लेअर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि चित्रपट कुठून सुरू होतो ते बघूनच पैसे द्यावेत.