मापाची स्टील सायकल की तयार कार्बन?

नागपुरात रोज चालवायची असेल, तर माझं मत आपल्या अंगाच्या मापाने घडवलेल्या स्टीलला. कार्बन फायबरची फ्रेम, म्हणजे सायकलचा सांगाडा, किलोभराच्या आसपास, स्टीलची जवळपास दुप्पट. सेमिनरी हिल्सच्या चढावर हा फरक मांड्यांना कळतो, हे खरंच. पण रेनॉल्ड्स ८५३ बघा: हे पोलाद वेल्डिंगनंतर सांध्यापाशी उलट जास्त मजबूत होतं. सांध्यावरच्या त्या बारीक खवल्यांसारख्या ओळीवरून बोट फिरवलं की कारागिराचा हात कळतो. शिवाय ३२ मिमीचा टायर मावेल एवढी जागा आधीच सांगून ठेवता येते. सिमेंट रोडच्या फटींवर मनगटं वाचतात. कार्बनवरचे शिमानो कंपनीच्या ड्युरा-एस संचाचे इलेक्ट्रॉनिक गिअर बटण दाबताच बदलतात, काय सुख! मात्र तेच गिअर स्टीलवरही बसतात.