ब्रँचकॅश: 80 चा आकडा बदला, मगच नावं ठेवा

फाइल सर्व्हर अंधेरीच्या हेड ऑफिसात आणि भिवंडीचं गोदाम, नाशिक, रत्नागिरी इथे दहा-पंधरा माणसांच्या शाखा. अशा ठिकाणी 10 एमबीपीएसच्या लाइनवर 40 एमबीचा कॅटलॉग एकाला उघडायला 32 सेकंद लागतात. पंधरा जणांनी उघडला की लाइन आठ मिनिटं जाम. ब्रँचकॅश नेमकं यासाठी आहे. पहिल्या पीसीने आणलेली फाइल बाकीचे शाखेतल्या शाखेत घेतात. विंडोज 7 आणि सर्व्हर 2008 आर2 पासून ते विंडोजमध्येच आहे, वेगळा डबा विकत घ्यावा लागत नाही.

तरीही 'लावलं, पण काही फरक नाही' ही तक्रार सर्रास ऐकू येते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन 80 मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले तरच शेअरवरच्या (सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमधल्या) फाइल कॅश करायच्या, म्हणजे शाखेत साठवून ठेवायच्या, असं डिफॉल्ट सेटिंग आहे. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण 200 किमी जातो आणि नागपूर मुंबईपासून 800 किमीच्या आसपास. म्हणजे हिशेबाने जाऊन-येऊन 8 मिलिसेकंद. वाट वळणावळणाची धरली आणि राउटरचा वेळ मिळवला तरी 80 बरेच लांब. राज्यातल्या राज्यात फायबर असेल तर हे फीचर चालू असूनही झोपलेलंच राहतं. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या पीसींना एकत्र सेटिंग लावायची विंडोजची सोय) 'कॉन्फिगर ब्रँचकॅश फॉर नेटवर्क फाइल्स' उघडून तिथे 0 घाला.

सर्व्हरवर तीन गोष्टी लागतात: 'ब्रँचकॅश फॉर नेटवर्क फाइल्स' ही रोल सर्व्हिस, ग्रुप पॉलिसीत लॅनमॅन सर्व्हरखालची 'हॅश पब्लिकेशन' पॉलिसी (हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुराचा ठसा) आणि शेअरच्या कॅशिंग सेटिंगमधली 'एनेबल ब्रँचकॅश'ची टिक. यातली टिक हमखास विसरली जाते. क्लायंटला, म्हणजे शाखेतल्या पीसीला, विंडोजची एंटरप्राइज किंवा एज्युकेशन आवृत्ती हवी. विंडोज 10 प्रो फक्त बिट्सने (विंडोजची मागे चालणारी डाउनलोड सेवा) येणाऱ्या डाउनलोडना साथ देतं, शेअरवरच्या फाइलना नाही. खर्च येतो तो इथे, म्हणून आधी लायसन्स मोजा.

डिस्ट्रिब्युटेड मोडमध्ये कॅश शाखेतल्या पीसींवरच राहते, डिस्कच्या 5 टक्क्यांपर्यंत. 256 जीबीच्या डिस्कवर जेमतेम 12 जीबी. कॉपी कोणाकडे आहे ही शोधाशोध यूडीपी पोर्ट 3702 वर मल्टिकास्टने, म्हणजे सगळ्यांना एकदम विचारून होते, फाइल टीसीपी पोर्ट 80 वरून येते (हा 80 वेगळा). हे एकाच सबनेटपुरतं, म्हणजे नेटवर्कच्या एकाच तुकड्यापुरतं चालतं. गोदामाचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) असेल, किंवा अ‍ॅक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन (वायफायवरच्या पीसींना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) चालू असेल, तर शेजारच्या टेबलावरचा पीसीही दिसणार नाही. शिवाय ज्याच्याकडे कॉपी आहे तो लॅपटॉप मिटून घरी गेला की कॅशही त्याच्याबरोबर गेली! पंचवीस-तीस माणसं असतील किंवा दोन-तीन व्हीलॅन असतील तर शाखेत एक विंडोज सर्व्हर ठेवून होस्टेड मोडच घ्यावा, म्हणजे कॅश त्या सर्व्हरवर राहते. कॅश पॅकेज (कॅशचा तयार गठ्ठा) पेनड्राइव्हवर नेऊन तिथे आधीच भरताही येतं. नव्या शाखेसाठी ही सोय फार कामाची.

परवानगीची बाजू चोख आहे. हॅश अंधेरीचा सर्व्हरच देतो, आणि तोही परवानगी तपासल्यावर. म्हणून जुनी फाइल मिळण्याची भीती नाही. पण त्याच कारणाने पावसात लाइन पडली की कॅशमध्ये असलेली फाइलही उघडत नाही. ऑफलाइन कामाचा पर्याय म्हणून कोणी हे विकत असेल तर ऐकू नका.

मोठी उणीव लिहिण्याची. सेव्ह केलेली फाइल आख्खी लाइनवरूनच परत जाते, त्यामुळे ड्रॉइंगवर दिवसभर काम करणाऱ्यांना फायदा अर्धाच. टॅलीचा डेटा फोल्डर, किंवा सतत बदलणारी कुठलीही डेटाबेस फाइल, यात घालूच नये. तिथे रिमोट डेस्कटॉप बरा. 64 केबीपेक्षा लहान फाइलही कॅश होत नाहीत. कॅटलॉग, पीडीएफ, इन्स्टॉलर, ट्रेनिंगचे व्हिडिओ यांना मात्र हे झकास.

तपासणी पहिल्या पीसीवर करू नका, तो फाइल लाइनवरूनच आणणार. त्याने उघडून झाल्यावर दुसऱ्या पीसीवर परफॉर्मन्स मॉनिटर लावा, ब्रँचकॅशचे 'बाइट्स फ्रॉम कॅश' आणि 'बाइट्स फ्रॉम सर्व्हर' हे काउंटर घ्या आणि तीच फाइल उघडा. पहिला काउंटर शून्यावरच राहिला तर आधी 80 चा आकडा, मग शेअरवरची टिक, मग फायरवॉल, याच क्रमाने बघा.