ईएलसीबी सारखा पडतो म्हणून वायरमन बोलावला, आणि त्याने घराची सुरक्षाच काढून टाकली

गेल्या जुलैत पावसाने जोर धरला, तेव्हापासून ऐरोलीतील आमच्या घरातला ईएलसीबी (वीज कुठे गळू लागली की आपोआप पडून घराचा पुरवठा तोडणारा बोर्डावरील खटका) दिवसातून तीन-चार वेळा पडू लागला. कधी वॉशिंग मशीन चालू असताना, तर कधी विशेष काहीच चालू नसताना संपूर्ण घर अंधारात जाई. आईचे वय ऐंशीच्या पुढे असल्याने मी घाई केली आणि लिफ्टमध्ये चिकटवलेल्या स्टिकरवरील क्रमांकावर फोन करून वायरमन बोलावला.

त्याने घरातील एकही उपकरण तपासले नाही. बोर्ड उघडून दोन ठिकाणी टेस्टर टेकवला आणि "साहेब, वायरिंग आतून गेलंय, कधीही आग लागेल," असे सांगून आम्हाला घाबरवले. दोन दिवसांत स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या काही वायरी बदलून, "नवीन, चांगल्या कंपनीचा" ईएलसीबी बसवल्याचे सांगून त्याने १८,५०० रुपये रोख घेतले. बिल उद्या पाठवतो म्हणाला, ते आजतागायत आलेले नाही. त्या संध्याकाळपासून ट्रिपिंग मात्र पूर्ण थांबले, आणि समाधानाने मी त्याचा क्रमांक शेजारच्या दोन घरांनाही दिला, याचे मला आज फार वाईट वाटते.

तीन आठवड्यांनी, बादली भरताना नळाला हात लागला की झिणझिण्या येतात, असे आई म्हणाली. पहिल्या वेळी मी ते तिच्या वयावर ढकलले. दुसऱ्या दिवशी तिने तेच सांगितल्यावर गीझर बंद करून, वीज मंडळातून निवृत्त झालेल्या वरच्या मजल्यावरील काकांना बोलावले. त्यांनी सर्वांत आधी ईएलसीबीचा खटका खाली ओढला. हॉलमधला पंखा तसाच फिरत राहिला.

त्यांनी मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला, तेव्हा येणारी आणि जाणारी वायर ईएलसीबीच्या मागे एकमेकींना पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली दिसली. पुढचा ईएलसीबी नुसता दिखाव्याला होता, आणि तोही आमचाच जुना, कारण मागच्या दिवाळीच्या रंगकामाचा पिवळा ओघळ त्याच्या कडेला तसाच होता. गीझरच्या सॉकेटमधील अर्थिंगची हिरवी वायरही कापलेली होती.

खरा दोष गीझरच्या एलिमेंटमध्ये, म्हणजे पाणी तापवणाऱ्या भागात होता. धातूच्या नळीत पांढरी भुकटी ठासून त्यात तापणारी तार बसवलेली असते; नळीला बारीक चीर पडली की भुकटी पाणी शोषते आणि वीज नळीच्या अंगावर उतरते. अर्थिंग शाबूत असते तेव्हा ती गळती जमिनीत जाते आणि फेज (वीज आणणारी वायर) व न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) यांच्या प्रवाहांत फरक पडल्याने ईएलसीबी पडतो. घरगुती ईएलसीबी सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढ्या गळतीला तो पडलाच पाहिजे, पण १५ च्या पुढे केव्हाही पडू शकतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक यांचीही थोडीथोडी गळती असते आणि ती एकत्र होते, म्हणून दोष एका उपकरणात असूनही संशय दुसऱ्यावरच जातो. आमच्या गीझरचे बटण बंद केल्याने फक्त फेज तुटत होती, न्यूट्रल जोडलेलीच राहून तिच्यातून गळती होत होती. म्हणूनच काही चालू नसतानाही आमच्याकडे ट्रिपिंग होत होते.

काकांनी मेगर (वीज गळते का हे तपासणारे यंत्र) लावून गीझरचा दोष पक्का केला, आणि एलिमेंट व गास्केट बदलण्याचा खर्च ९५० रुपये आला. बटणे नुसती बंद न करता सर्व प्लग सॉकेटमधून उपसून, ईएलसीबी वर करून, एकेक प्लग पुन्हा लावत गेले असते तर गीझर लावताच तो पडला असता, आणि अर्ध्या तासात सगळे कळले असते. ही साधी चाचणी न करता कोणी वायरिंग बदलायला सांगत असेल तर त्याला कामाला हात लावू देऊ नका. काम झाल्यावर ईएलसीबीवरील 'टी' अक्षराचे बटण स्वतः दाबून पाहा, तो खटकन पडल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बिल तेथेच मागून घ्या. माझ्याकडे बिल नाही, त्याचा फोन बंद आहे, त्यामुळे तक्रार करायला हातात काहीच उरलेले नाही.

आमच्या लिफ्टमधील स्टिकर मी खरवडून काढला, तरी सेक्टरमधील इतर इमारतींत तो अजून दिसतो. मी क्रमांक दिलेल्या दोन घरांपैकी एका घरातही वायर तशीच पिळलेली सापडली. ज्यांच्या घरी असे ट्रिपिंग 'एकदम बरे' झाले आहे, त्यांनी आजच खटका खाली ओढून पंखा थांबतो की नाही ते पाहावे.