आवडती संकेतस्थळं वाचायला फीड, व्हॉट्सॲप चॅनल की ईमेल?

वीस-पंचवीस आवडती संकेतस्थळं आहेत आणि त्यांवर नवीन काय आलं ते न चुकता कळायला हवं, अशी गरज असणाऱ्यांसमोर आज चार मार्ग आहेत: व्हॉट्सॲप चॅनल, ब्राउझरच्या सूचना, ईमेल आणि फीड, म्हणजे संकेतस्थळाने स्वतः ठेवलेली ताज्या लेखांची यादी, जी एखादं ॲप आपल्यासाठी गोळा करतं. माझं मत आधीच सांगतो. जे आजच्या आज कळायला हवं त्याला व्हॉट्सॲप आणि जे मन लावून वाचायचं त्याला फीड. ईमेल कामापुरतं आणि ब्राउझरच्या सूचना नकोतच.

व्हॉट्सॲपची बाजू सोलापुरात राहणाऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको. काही दिवसांआड येणारं पाणी आपल्या भागात नेमकं कधी येणार, गड्ड्याच्या यात्रेत कोणता रस्ता बंद, हे मिनिटांत कळावं लागतं. फीड इथे उपयोगाचं नाही, कारण फीड वाचणारं ॲप ठरावीक वेळाने जाऊन नवीन काही आलंय का ते पाहतं. त्यात अर्धा तासही जाऊ शकतो, कधी दोन-चार तासही.

भारतात व्हॉट्सॲप चॅनल सप्टेंबर २०२३ मध्ये आले. त्यात तुमचा नंबर इतर वाचकांना दिसत नाही, ही चांगली सोय. पण चॅनलवर काय टाकायचं ते चालवणारा ठरवतो. दिवसाला चाळीस लेख छापणारं दैनिक त्यातले निवडक पाच-दहाच पाठवेल आणि तुम्हाला हवा असलेला शेतीचा लेख नेमका त्यांत नसेल. महिन्यातून एकदा लिहिणारा एखादा अभ्यासू लेखक तर चॅनल काढायच्या फंदातच पडत नाही. शिवाय लेखाची लिंक येते ती ‘अपडेट्स’ टॅबमध्ये, बाकीच्या चॅनलांच्या संदेशांच्या गर्दीत. ‘नंतर वाचू’ म्हटलेलं तिथे सापडणं कठीण.

फीडची रचना अगदी साधी आहे. संकेतस्थळ आपल्याकडे एक छोटी फाइल ठेवतं. त्यात ताज्या लेखांची शीर्षकं, तारखा, दुवे आणि थोडा किंवा पूर्ण मजकूर असतो. तुमचा रीडर, म्हणजे फीड वाचणारं ॲप, अशा सगळ्या फाइली गोळा करून एका यादीत लावतो. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९९ मध्ये आरएसएस या नावाने या पद्धतीची सुरुवात केली. आज सर्रास दिसणारी आरएसएस २.० ही आवृत्ती २००२ सालची, तर ॲटम नावाचा दुसरा प्रकार २००५ मध्ये प्रमाणित झाला. वाचकाला यातला फरक जाणवतही नाही, रीडर दोन्ही वाचतो. पॉडकास्ट ऐकत असाल तर फीड तुम्ही आधीपासून वापरताय, कारण नवीन भाग ॲपपर्यंत पोहोचतो तो सहसा याच मार्गाने.

मला फीडचं मोल वाटतं ते दोन कारणांनी. एक, यादी तारखेप्रमाणे लागते. तुम्ही काय वाचावं याचं गणित मधे कुणी मांडत नाही आणि जोडलेल्या संकेतस्थळाचं काही दडवलंही जात नाही. दुसरं, संकेतस्थळाला नंबर द्यावा लागत नाही आणि ईमेलही नाही. नको झालं की यादीतून काढलं, संपलं. मागे लागणारं कुणी नाही.

आता कुणाला काय सोयीचं ते पाहू. अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची निवेदनं रोज चाळावी लागतात, त्यांचं फीड उपलब्ध आहे. टॉवेल-चादरीची निर्यात करणाऱ्याकडे हिशेब पाहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वेळेवर हवीत, तर बँक परिपत्रकांचं आणि प्रसिद्धिपत्रकांचं फीड वेगवेगळं देते. या दोघांनी फीडच घ्यावं. कुणीतरी ग्रुपवर टाकलेल्या अर्धवट स्क्रीनशॉटपेक्षा मूळ कागद थेट हाती येतो आणि परीक्षेत काय किंवा व्यवहारात काय, हा फरक मोठा आहे.

अडचणीही खऱ्या आहेत. अनेक सरकारी आणि शैक्षणिक संकेतस्थळांवर फीड नसतंच, सूचना म्हणून स्कॅन केलेली पीडीएफ टाकलेली असते. काही वृत्तपत्रं फीडमध्ये शीर्षक आणि दोनच ओळी देतात, पुढचं वाचायला संकेतस्थळावर जावंच लागतं. आणि मोठ्या दैनिकाचं सबंध फीड जोडलंत तर दोन दिवसांत न वाचलेल्यांचा आकडा पाहूनच जीव दडपेल. त्यापेक्षा हव्या त्या विभागाचं फीड मिळत असेल तर तेवढंच घ्या.

२०१३ च्या जुलैमध्ये गूगल रीडर बंद झाला, तेव्हापासून फीडच संपलं असं अनेकांना वाटतं. बंद झालं ते फक्त वाचायचं एक साधन. फीड संकेतस्थळाचं असतं. शिवाय ओपीएमएल नावाच्या एका फाइलीत आपली सगळी यादी काढून दुसऱ्या रीडरमध्ये टाकता येते. चॅनल बदलताना अशी सोय नाही.

रीडर निवडताना मात्र थोडा विचार करा. फीडली आणि इनोरीडर हे ऑनलाइन रीडर. दोन्हींत फुकट खातं मिळतं, पण किती फीड जोडता येतील याला मर्यादा आहे, आणि तुम्ही काय वाचता ते त्या कंपनीला कळतं. अँड्रॉइडवरचं फीडर किंवा आयफोनवरचं नेटन्यूजवायर खातं न काढता चालतं, यादी तुमच्याच फोनवर राहते. पण वर्डप्रेस या संकेतस्थळं चालवायच्या साधनावरच्या संकेतस्थळाच्या फीडमध्ये सहसा शेवटचे १० लेखच असतात. आषाढीला पायी पंढरपूरला गेलात आणि फोन चार-पाच दिवस बंद राहिला, तर भरभर लिहिणाऱ्या संकेतस्थळांचे मधले लेख निसटतात. ऑनलाइन रीडर तुमच्या मागे गोळा करत राहतो. रोज फोनवर वाचणाऱ्याने खात्याविना चालणारं ॲप घ्यावं. फोन आणि ऑफिसचा संगणक दोन्हींवर वाचणाऱ्याला ऑनलाइन रीडर बरा.

जोडायला फार खटपट नाही. संकेतस्थळाचा पत्ता रीडरमध्ये टाकला की बहुतेक वेळा फीड तो स्वतःच शोधतो. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून पाहा. यूट्यूब चॅनलचा पत्ताही अनेक रीडर स्वीकारतात.

ईमेल घ्यावं ते फीड नसलेल्या पण वार्तापत्र काढणाऱ्यांचं, तेही स्वतंत्र पत्त्यावर, म्हणजे कामाच्या पत्रांत मिसळणार नाही. ब्राउझरच्या सूचना मी एकालाही सुचवणार नाही. ‘परवानगी द्या’ दाबलं की अनेकदा बातम्यांच्या जोडीला जाहिरातीही सुरू होतात. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, अशा विद्यापीठाच्या किंवा एखाद्या कार्यालयाच्या पानांची ब्राउझरमध्ये बुकमार्कचं एक वेगळं फोल्डर करा आणि आठवड्याचा एक वार ठरवून ती पानं स्वतः उघडून पाहा.