होल्स्टर आणि रायफल स्लिंग: गोव्यातला एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फौजेतून निवृत्त होऊन मी डिचोलीत राहतो. अंगरक्षकाच्या कामाची तयारी करणारी गावातली काही मुलं माझ्याकडे सरावाला येतात. सराव फक्त निळ्या रबरी डमीवर, म्हणजे नकली रायफल-पिस्तुलावर. खरं शस्त्र आणि गोळ्या त्या खोलीतसुद्धा नसतात, हा पहिला नियम. डमी लांबून खरीच वाटते, म्हणून किनाऱ्यावर किंवा मैदानात सराव करायचा नाही, ने-आणही बंद बॅगेतूनच.

आमच्या सरावातलं ट्रान्झिशन म्हणजे रायफल अडली किंवा रिकामी झाली की डाव्या हाताने ती खाली डाव्या बाजूला न्यायची आणि तेवढ्यात उजव्या हाताने पिस्तूल काढायचं. म्हणून माझं ठाम मत आहे की होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) आणि स्लिंग (रायफल अंगावर अडकवायचा पट्टा) वेगवेगळी निवडू नयेत. दोन्ही अंगावर चढवून, रायफल सोडून द्या आणि ती कुठे लटकते ते बघा. होल्स्टरच्या वाटेत येत असेल तर स्लिंग कितीही भारी असो, उपयोग नाही.

एका टोकाची, म्हणजे रायफलला एकाच जागी अडकणारी स्लिंग खांदा बदलायला झकास. पण रायफल सोडली की ती मांड्यांच्या मध्ये झुलते आणि गुडघ्यावर बसलं की नळीचं तोंड थेट लाल चिखलात. जुलैत आमच्या अंगणात हे रोजचं झालं होतं. तीन टोकांच्या स्लिंगमध्ये पट्टेच फार, घाईत हात अडकतो. आम्ही दोन टोकांच्या, झटक्यात सैल-घट्ट होणाऱ्या स्लिंगवर स्थिरावलो. दस्ता छातीजवळ आणि नळी डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला राहील इतकी लांबी ठेवली की रायफल सोडल्यावर जागची हलत नाही. मात्र पट्टा कडक विणीचा घ्या. मऊ नायलॉनचा पट्टा भिजला की बकलमधून सरकतो आणि रायफल हळूहळू खाली उतरत जाते. पावसात हे फार जाणवलं.

होल्स्टरमध्ये चामडं मला मनापासून आवडतं, पण इथल्या दमट हवेत चतुर्थीपर्यंत त्यावर बुरशीचा पांढरा थर आला. त्याहून गंभीर म्हणजे तोंड मऊ पडून आत वळायला लागलं. पिस्तूल परत ठेवताना ती वळलेली कड ट्रिगरपाशी शिरू शकते. असं होल्स्टर मी मुलांच्या कमरेला लावू देत नाही. 'सगळ्या पिस्तुलांना चालेल' असं सांगून विकलं जाणारं कापडी होल्स्टरही नको. ते ट्रिगर नीट झाकत नाही आणि त्याच्या वेल्क्रोत माती भरते.

टिकलं ते कायडेक्सचं, म्हणजे साच्यात घडवलेल्या कडक प्लास्टिकचं. चिखल झाला की नळाखाली धरायचं, पुसायचं, संपलं. स्क्रू तेवढे स्टेनलेस स्टीलचे लावा आणि थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) थेंब टाका, नाहीतर खाऱ्या वाऱ्यात गंजतात आणि सरावात सैल होतात. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, आकार बिघडतो. साच्यातलं होल्स्टर ज्या मॉडेलचं, डमीही त्याच मॉडेलची हवी, नाहीतर पिस्तूल आत नीट बसत नाही.

होल्स्टरमध्ये पिस्तूल अडकवून ठेवणारं लॉक अंगठ्याने उघडणारं घ्या. काही होल्स्टरांत तर्जनीने बटण दाबावं लागतं. घाईत बोट जोरात दाबलेलं असतं आणि पिस्तूल बाहेर येताच तेच बोट वाकून ट्रिगरवर जाऊ शकतं. खऱ्या शस्त्रात याचा अर्थ स्वतःच्याच मांडीत गोळी. या एका मुद्द्यावर किंमत बघू नका.

मांडीवर बांधायचं होल्स्टर दिसायला रुबाबदार, पण पळताना हलतं आणि हाताला दर वेळी वेगळ्या जागी सापडतं. कमरपट्ट्यापासून थोडंसंच खाली असलेलं बरं. पट्टा मात्र ताठ हवा. साध्या पँटच्या पट्ट्यावर पिस्तूल खेचलं की होल्स्टरही सोबत वर येतं.

पैसे मोजके असतील तर आधी ताठ पट्टा आणि चांगलं होल्स्टर घ्या. साधी दोन टोकांची स्लिंग सुरुवातीला पुरते. तिची शिवण मात्र दर आठवड्याला तपासा, विशेषतः हुकाजवळची. आमच्या एका स्लिंगचे धागे तिथेच उसवायला लागले होते. म्हापशाला ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड दोऱ्याने दुहेरी टीप मारून घेतली, ती अजून शाबूत आहे.